घरमालक काकांस गार पाण्याने नमस्कार

श्री. रा. रा. घरमालक काका,
मुक्काम सदाशिव पेठ, पुणे ३०

यांसी, बाणेर मुक्कामाहून आपल्याच सदनिकेत राहणाऱ्या आपल्या नम्र लायसन्सीचा कृतानेक शिरसाष्टांग नमस्कार. विनंती विशेष.

पत्र चारचौघांत लिहिते आहे, राग मानू नये. एकांतात पाठवलेले सगळे निरोप आपण वाचलेत, हे त्यांच्याखालच्या निळ्या खुणांवरून कळतं. उत्तराला सवड होत नाही, हेही कळतं. रोज पहाटे साडेपाचला सगळ्या गोतावळ्याला सुविचार पाठवायचे म्हणजे दिवसाचा मोठा भाग त्यातच जात असणार.

सर्वप्रथम गीझरबद्दल आभार. करारनाम्याच्या परिशिष्टात ‘गीझर, १५ लिटर, नग १, चालू स्थितीत’ असं आपण स्वहस्ते लिहिलं आहे. त्यातलं ‘नग १’ आजही शंभर टक्के खरं आहे. भिंतीवरून तो हललेला नाही. त्याचा लाल दिवासुद्धा लागतो, क्षणभर. नंतर घरातले सगळेच दिवे जातात.

हे पहिल्यांदा झालं ते नरकचतुर्दशीच्या पहाटे. सासूबाई नागपूरहून आल्या होत्या. उटणं भिजवलेलं, मोती साबणाचा कागद काढलेला, दाराशी कारीट ठेवलेलं. मी बटण दाबलं आणि खट् झालं. सूर्योदयापूर्वी अभ्यंगस्नान केलं नाही तर माणूस नरकात जातो म्हणतात. आपण आमची ती सोय करून दिलीत, आणि तिथे निदान पाणी तरी गरम असेल या विचाराने सासूबाईंनाही धीर आला.

आपल्याला लगेच कळवायला गेले, तर आपण प्रेमाने म्हणालात, “मिस्टरांना फोन करायला सांगा.” करारावर पहिली सही माझी आहे आणि भाडं माझ्या खात्यातून जातं. तरी वॉशर, कॉइल असल्या जड विषयांचा ताण एका बाईच्या डोक्यावर पडू नये ही आपली भावना मनाला स्पर्शून गेली. मिस्टरांनी फोन केला. त्यांना आपण सांगितलंत, “घरातलं बाईमाणूसच नीट सांगू शकेल, त्यांना बोलू द्या.”

मग आपण ‘आपला माणूस’ पाठवायचं कबूल केलंत. बाहेरचा इलेक्ट्रिशियन बोलवायचा नाही, आपल्या वस्तूला परक्याचा हात लागता कामा नये, ही अट मी समजून घेतली. आपला माणूस आला. सज्जन आहे. झाकण उघडून पाच मिनिटांत म्हणाला, “ताई, कॉइल गेलीय.” नवीन कॉइल, वॉशर, मजुरी सगळं धरून दोन हजारांच्या आत काम होईल म्हणाला. आणि काका, जाता जाता दारात चप्पल घालताना म्हणाला, की मागच्या वेळचे पैसे आधी मिळू देत, मग हे काम करतो. मागच्या वेळचे म्हणजे कधीचे, असं मी विचारलं नाही. थोरांच्या व्यवहारात आपण पडू नये.

यावर आपण जो तांत्रिक सल्ला दिलात त्यासाठी जन्मभर ऋणी राहीन. “तो ब्रेकर फार नाजूक आहे. तो काढा आणि डायरेक्ट करून घ्या.”

काका, मी कॉमर्सची. तरी आपल्या माणसाकडून थोडं समजून घेतलं. आपल्या इमारतीला अर्धं पाणी बोअरचं नि टँकरचं. ते जड. त्यातले क्षार तापल्यावर कॉइलवर बसतात, थरावर थर चढतो. आतली उष्णता पाण्यात जायला वाट उरत नाही, कॉइल स्वतःच भाजत राहते, शेवटी तिचं आवरण फुटतं आणि वीज पाण्यात उतरते. गळती ३० मिलिअँपिअरच्या घरात गेली की तो खटका पडतो, कारण त्याहून जास्त वीज अंगातून गेली तर माणसाचं हृदय बंद पडू शकतं. तर तो खटका काढायचा. आम्ही पडलो तरी चालेल, खटका पडता कामा नये. मालमत्तेवर इतकी माया मी कुठे पाहिली नव्हती.

त्याच माणसाने आणखी एक गोष्ट दाखवली. गीझरच्या टाकीत मॅग्नेशियमची एक कांडी असते. पोलादी टाकी गंजू नये म्हणून तिच्याऐवजी ही कांडी झिजत राहते आणि अशा जड पाण्यात ती वर्षा-दोन वर्षांनी बदलायची असते. आपल्या गीझरमधली कांडी आमच्या आधीच्या, किंवा त्यांच्याही आधीच्या भाडेकरूंच्या काळात झिजून संपली असावी. नुसती तार शिल्लक आहे. दुसऱ्यासाठी झिजणारी एक तरी वस्तू आपल्या घरात होती, हे पाहून भरून आलं.

आपल्या पर्यायी सूचनाही आम्ही शिरसावंद्य मानल्या.

एक, “गच्चीवर सोलर आहे की!” आहे. गच्चीवरच आहे. त्यापायी महापालिका मिळकतकरात पाच टक्के सूट देते, जोडीला पावसाचं पाणी साठवण्याची किंवा गांडूळखताची सोय असली तर दहा. म्हणजे करापुरतं ते छान तापतं. अकराव्या मजल्यावरच्या जोशीकाकूंना सकाळी चटका बसतो म्हणे. आम्ही दुसऱ्या मजल्यावर. नळीत रात्रभर थांबलेलं गार पाणी आधी सोडावं लागतं. दोन बादल्या वाहून गेल्यावर कोमट येतं, आणि तोवर वरच्यांच्या अंघोळी उरकलेल्या असतात. ढग आले तर तेही नाही.

दोन, “स्वखर्चाने गॅस गीझर बसवा, जाताना तिथेच ठेवून जा.” या वाक्याचा उत्तरार्ध फारच सुंदर होता. पण बंद न्हाणीघरात गॅस गीझर चालवला तर प्राणवायू कमी पडतो आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. अंघोळीला गेलेलं माणूस दाराच्या आतच राहिल्याच्या बातम्या दर हिवाळ्यात वर्तमानपत्रात असतात. आपल्या न्हाणीघराला एक झरोका होता. कबुतरं येतात म्हणून आपण तो सिमेंटने बुजवून घेतलात. कबुतरं वाचली.

तीन, “रॉड वापरा.” वापरतो आहोत. प्लास्टिकच्या बादलीत रॉड, बादलीवर आडवी लाकडी पट्टी, दाराशी पहारा, आणि चार वर्षांच्या मुलाला तोवर स्वयंपाकघरात कोंडून ठेवणं, असा आमचा प्रातःकाळ असतो. शाळेची बस सातला येते.

“गीझरने बिल किती येतं माहीत आहे का?” ही आपली काळजीही निर्मळ आहे. बिल आम्हीच भरतो, तरी आपल्याला आमच्या पैशांची चिंता. म्हणून हिशोब मांडला: १५ लिटर पाणी २० अंशांवरून ६० अंशांवर न्यायला सुमारे पाऊण युनिट वीज लागते, २००० वॉटच्या कॉइलला वीस-बावीस मिनिटं. एवढ्यात दोघांची अंघोळ होते. आपल्याशी फोनवर बोलताना याहून जास्त वेळ जातो.

थंडीबद्दलही आपण जे म्हणालात ते टिपून ठेवलं आहे. “तुम्ही नागपूरच्या. तुम्हाला पुण्याची थंडी ती काय!” बरोबर आहे. पुण्यात थंडी नाहीच. हवामान खात्याचं मुख्यालय १९२८ साली सिमल्याहून शिवाजीनगरला आलं आणि त्या इमारतीचं नाव आजतागायत सिमला ऑफिस आहे, पण येताना त्यांनी थंडी काही बरोबर आणली नसेल. त्याच पुण्यात १७ जानेवारी १९३५ रोजी पारा १.७ अंशांवर उतरल्याची नोंद आहे. यंत्रात बिघाड असेल. ब्रेकर काढून पाहायला हवा होता.

अर्थात १९३५ साली आपल्या आजोबांच्या वाड्यात बंब होता. करार करायला आम्ही आपल्या घरी आलो तेव्हा त्याचं दर्शन झालं. तांब्याचा, चिंचेने घासून लखलखीत केलेला, तोटीसकट. मधल्या नळकांड्यात शेंड्या नि ढलप्या घालायच्या, वरून करवंट्या, की अख्ख्या घराच्या अंघोळी होऊन शिवाय भांड्यांना पाणी उरायचं, असं काकूंनी सांगितलं. त्याला कॉइल नाही, खटका नाही, आपला माणूस नाही. सध्या त्यात मनीप्लांट आहे. तो दिवाणखान्यात छान दिसतो, आणि काकूंच्या मागे आतल्या खोलीतून गीझरची घरघर ऐकू येत होती, तीही छान वाटली.

त्या दिवशी आपण वाड्याची हकिगत सांगितलीत. ती मात्र मी खरंच विसरलेले नाही. १९४७ च्या भाडे नियंत्रण कायद्याने भाडी १ सप्टेंबर १९४० च्या पातळीवर जखडली, ती जवळपास तशीच राहिली. आपल्या वाड्यातली बिऱ्हाडं महिना साडेआठ रुपये देत, आणि पावसाळ्यात कौल फुटलं की साडेआठ रुपयांचे दोन कौलारू हजर करा म्हणून आपल्या वडिलांशी भांडत. एका बिऱ्हाडाने तर कोर्टात खेचलं. वडिलांनी हाय खाल्ली म्हणालात. यात थट्टेचं काही नाही, पुण्यातल्या कितीतरी वाडेवाल्यांचं असंच झालं. फक्त एवढंच विचारते, की साडेआठ रुपयेवाल्यांचा राग दरमहा आगाऊ भाडं देणाऱ्यांवर, आणि तोही नेमका न्हाणीघरात, का निघावा? त्या बिऱ्हाडांना वाडा पाडताना फ्लॅट मिळाले. आम्हाला रॉड मिळाला.

आपल्यामुळे मी कायदाही वाचला, त्याचे वेगळे आभार. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९. त्याच्या कलम १४ मध्ये म्हटलं आहे, की जागा राहण्याजोगी ठेवणं मालकावर बंधनकारक आहे. नोटीस देऊन पंधरा दिवसांत त्याने दुरुस्ती केली नाही तर भाडेकरूने स्वतः करावी आणि खर्च भाड्यातून वळता करावा, वर्षाच्या भाड्याच्या चौथ्या हिश्शापर्यंत. वाचून मी उभीच राहिले. नवऱ्याने शांतपणे करारनामा पुढे केला. ‘लिव्ह अँड लायसन्स.’ आम्ही भाडेकरू नाहीच. आपल्या जागेत आपल्या परवानगीने अकरा महिने वावरणारे लोक आहोत. कलम १४ भाडेकरूसाठी आहे. आमच्यासाठी आहे कलम २४: मुदत संपल्यावर राहिलात तर दुप्पट दराने भरपाई.

त्याच कायद्याच्या कलम ५५ नुसार करार लेखी करून नोंदवण्याची जबाबदारी मालकाची आहे; न नोंदवल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. आपल्यावर असा प्रसंग येऊ नये म्हणून मुद्रांक शुल्क, एक हजार रुपये नोंदणी फी आणि घरी अंगठा घ्यायला आलेल्या एजंटचे पैसे आम्ही भरले. पोलीस व्हेरिफिकेशनसाठी आमचे आधार, पॅन, फोटो, ऑफिसची ओळखपत्रं आणि नागपूरचा पत्ता दिला. आमची इतकी कसून चौकशी झाली, त्या गडबडीत गीझरचं व्हेरिफिकेशन तेवढं राहून गेलं.

मी कलम १४ चा फोटो पाठवल्यावर मात्र आपण प्रथमच तत्काळ उत्तर दिलंत. काय तो उत्साह! केंद्रीय मंत्रिमंडळाने २ जून २०२१ रोजी मंजूर केलेल्या आदर्श भाडेकरू कायद्याचं दुसरं परिशिष्ट, लाल वर्तुळ काढून. दुरुस्त्यांची वाटणी. मालकाकडे भिंतींची डागडुजी, रंगरंगोटी, नळाच्या वाहिन्या, वायरिंग. भाडेकरूकडे तोटीचे वॉशर, मोरीची सफाई, कमोड, बटणं, आणि आपल्या वर्तुळात ठळक उभी असलेली ‘गीझर दुरुस्ती’.

हा आदर्श कायदा राज्यांनी आपापल्या विधिमंडळात स्वीकारल्याशिवाय कुणाला लागू होत नाही, हा मुद्दा मी काढणार नाही. आदर्शांच्या मार्गात आडवं येऊ नये. त्याच कायद्यात राहत्या घरासाठी दोन महिन्यांच्या भाड्याहून जास्त अनामत घेऊ नये असं लिहिलं आहे आणि आपल्याकडे आमची चार महिन्यांची आहे, याचीही आठवण करून देत नाही. ते पान आपल्याकडे आलेलं नसेल. रंगरंगोटी मालकाकडे असताना आमच्या करारात ‘जाताना रंगाचे पैसे अनामतीतून कापले जातील’ असं कलम आहे, तेही जाऊ दे. गीझर राहणाऱ्याने दुरुस्त करायचा, एवढं आपण म्हणता ते मान्य करून टाकू.

त्यानंतर पुन्हा सगळं शांत झालं. फक्त सकाळी साडेपाचला ‘गार पाण्याच्या स्नानाचे अकरा फायदे’ येतात. रक्ताभिसरण, कांती, मनोबल. आपण कशाची वाट पाहता आहात ते हळूहळू माझ्या ध्यानात आलं आहे. संक्रांत झाली. महाशिवरात्रीला थंडी शिव शिव म्हणत निघून जाईल, मार्चमध्ये टाकीतलंच पाणी चटके देईल, एप्रिलमध्ये करार संपेल आणि नव्या माणसाला परिशिष्ट दाखवता येईल: गीझर, नग १. थंडी तीन महिने, करार अकरा महिने, मालक निरंतर. गणित बिनचूक आहे. आपण बँकेत होतात ना?

नवी माणसं जागा पाहून जायलाही लागली आहेत. परवा एजंटबरोबर एक जोडपं आलं होतं. मुलीने न्हाणीघरात डोकावून विचारलं, “गीझर आहे ना?” एजंट म्हणाला, “हा काय, दिसतोय की!” मी चहा टाकला होता, तो त्यांना प्यायला लावला आणि बसवून सगळं सांगितलं. आता हे पत्रही त्यांना पाठवते आहे.

काका, शेवटी एक शंका आहे, तिचं निरसन करावं. महापालिकेचं मिळकतकराचं बिल खालच्या टपालपेटीत आलं आहे. ते बंद पाकिटात नव्हतं, त्यामुळे नजर गेली. स्वतः मालक राहत असलेल्या घराला पुण्यात १९७० पासून करपात्र रकमेत ४० टक्के सवलत आहे. मधे ती बंद झाली होती, २०२३ मध्ये राज्य सरकारने परत दिली. मात्र त्यासाठी आपण स्वतः तिथे राहतो असे पुरावे जोडून पीटी-३ नावाचा अर्ज भरून द्यावा लागतो. बाणेरच्या या सदनिकेला ती सवलत लागलेली आहे.

म्हणजे पोलिसांच्या कागदावर इथे आम्ही राहतो आणि महापालिकेच्या कागदावर आपण. मी चक्रावलेच. मग उलगडलं. आपण रोज भल्या पहाटे सदाशिव पेठेतून बाणेरला येत असणार, आम्ही झोपेत असताना गार पाण्याने अंघोळ करून, आवाज न करता परत जात असणार. म्हणूनच साडेपाचला त्या अकरा फायद्यांबद्दल इतक्या अधिकाराने लिहिता! आणि आम्ही आपल्याला बोल लावत होतो.

तर मग प्रश्नच मिटला. आपल्या आदर्श कायद्याप्रमाणे गीझर दुरुस्त करायचा तो राहणाऱ्याने, आणि महापालिकेच्या दफ्तरी इथले राहणारे आपण. आपल्या माणसाचे मागचे पैसे देऊन त्याला येत्या रविवारी सकाळी कॉइल आणि कांडी घेऊन पाठवावं. वर्गणी नको, अर्धे-अर्धे नको, आपला मान आपल्यालाच. आपणही यावं. टॉवेल आमच्याकडे आहे.

काकूंना नमस्कार. मनीप्लांटला पाणी फार घालू नये म्हणावं, तांब्याला हिरवं चढतं.

कळावे, लोभ आहेच, तो आणखी वाढू नये ही विनंती.

आपल्या आज्ञेतली,
सदनिकेतील दुय्यम रहिवासी

ता. क. माझी ऑफिसची बस औंध-बाणेर क्षेत्रीय कार्यालयावरून जाते. तिथे उतरायचा विचार रविवारपर्यंत तरी नाही.